"फादर, मी काहीच सोडलं नाही"



गेल्या रविवारी मराठी मिस्सा संपल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे दाराशी उभे होतो. कोणी हात जोडत होते, कोणी मुलांना आशीर्वादासाठी पुढे ढकलत होते, कोणी ट्रेन गाठायच्या घाईत नुसतेच हसून जात होते. सगळे पांगल्यावर एक मावशी मागे राहिल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "फादर, या उपवासकाळात मी काहीच सोडलं नाही. मटण नाही, साखर नाही, काही नाही. जमतच नाही हो घरात. देवाला काय तोंड दाखवू?"

पुढची मिस्सा सुरू व्हायला दहा मिनिटे होती. "काही हरकत नाही, देव दयाळू आहे," असे काहीतरी बोलून आम्ही वेळ मारून नेली. मावशी मान हलवून गेल्या. रात्री जेवायला बसलो तेव्हा आठवले, यांची सासू दोन वर्षे अंथरुणाला खिळून आहे. रात्रीतून तीनतीनदा उठून म्हातारीची कूस बदलावी लागते, कपडे बदलावे लागतात. सकाळी डबे करून या कामाला जातात. ज्या बाईला दोन वर्षांत सलग चार तास झोप मिळालेली नाही, ती म्हणते "मी काहीच सोडलं नाही", आणि तिचा धर्मगुरू म्हणतो "काही हरकत नाही"!

चूक मावशींची नाही. आत्मत्याग म्हणजे काय, हे आम्हीच कुठेतरी चुकीचे शिकवले असणार. म्हणून आज घोषणांची जागा थोडी कमी करून हा विषय घेतला आहे. लेख जरा लांबला आहे, तो घरी नेऊन वाचावा. प्रवचनाच्या वेळी वाचू नये, ही विनंती!

आधी आपण काय सोडतो ते पाहू. ख्रिस्तसभेचा नियम साधा आहे. चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांनी राखेच्या बुधवारी आणि शुक्रवारी मांस वर्ज्य करावे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपवास करावा. आजारी माणसाला सूट. नियम थोडा आणि तोही सोपा. पण आम्ही राहतो कुठे? करावे, दारावे ही खाडीकाठची गावे. युरोपातल्या गरीब शेतकऱ्याला मांस म्हणजे सणाची मेजवानी होती, ती सोडून सुके मासे खाणे हा खरोखर त्याग होता. आपल्याकडे शुक्रवारी मटण सोडले की ताटात सुरमई येते, आणि एखाद्याचे नशीब जोरावर असेल तर जिताडा! ही तर बढती झाली. आपले शेजारी ज्याला 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणतात, त्यात आपणही मागे नाही. नियम पाळला म्हणून कोणाला दोष देत नाही. शुक्रवारी आम्हीही मासे खातो. एवढेच म्हणायचे आहे की नियमाचे ताट आणि त्यागाचे ताट एकच असेल असे नाही.

पण खरी अडचण ताटात नसून हिशेबात आहे. आपण मराठी माणसे नवस बोलण्यात पटाईत. देवा, मुलाला नोकरी लागू दे, मी चाळीस दिवस चहा सोडतो. देवा, घराचा ताबा मिळू दे, मी माऊंट मेरीला चालत येते. यात श्रद्धा नाही असे कोण म्हणेल? आमच्या आईनेही आमच्यासाठी असे नवस केले आहेत. पण हळूहळू मनात एक वही तयार होते. डाव्या पानावर आपण काय सोडले, उजव्या पानावर देवाने काय दिले. आणि मग कृपा ही कृपा राहत नाही, ती मजुरी होते. मावशींना वाटले की यंदा आपले डावे पान कोरे आहे, म्हणून देवापुढे तोंड दाखवायला जागा नाही.

हा प्रश्न आजचा नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनहून रोमला आलेला पेलाजियस नावाचा एक तपस्वी होता. माणूस कडक, चारित्र्य स्वच्छ. रोममधले सुखवस्तू ख्रिस्ती लोक 'आम्ही दुबळे, आमच्याकडून होत नाही' असे म्हणत आरामात पाप करीत, ते पाहून त्याचा संताप होई. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की देवाने इच्छाशक्ती दिली आहे, आज्ञा दिल्या आहेत, ख्रिस्ताचा कित्ता दिला आहे. आता मनावर घ्या आणि चांगले व्हा. ऐकायला किती बरे वाटते! आम्ही पौरोहित्याच्या पहिल्या पाच वर्षांत दिलेली प्रवचने आज काढून वाचली तर त्यातली निम्मी पेलाजियसला आवडली असती.

त्याला उत्तर दिले उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या बिशपांनी, संत ऑगस्तीन यांनी. तरुणपणी वाईट सवयी सोडायचा त्यांनी स्वतः प्रयत्न केला होता आणि इच्छाशक्ती कशी दगा देते हे अंगावर अनुभवले होते. माणसाला चांगले करण्याची नुसती शक्तीच देवाकडून येते असे नाही. चांगले करावेसे वाटणे, तेही देवाकडूनच येते, असे त्यांचे म्हणणे. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची शिकवण नाकारली. पुढे ५२९ साली ऑरेंज येथील सभेने स्पष्ट केले की श्रद्धेची अगदी पहिली हालचालसुद्धा कृपेनेच होते. आणि १५४७ साली त्रेंतच्या धर्मसभेने दुसरी बाजूही सांभाळली: कृपा आधी, पण माणूस लाकडाचा ओंडका नाही. तो कृपेला होकार देतो, आणि नकारही देऊ शकतो.

पुस्तकातले हे सगळे शुभवर्तमानात एका प्रसंगात आले आहे. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी आपण येशूच्या अरण्यातल्या चाळीस दिवसांचा पाठ ऐकतो. पण त्याच्या आधीचा प्रसंग कोणता? यार्देन नदी. तिथे स्वर्गातून वाणी आली की हा माझा प्रिय पुत्र आहे, याच्यावर मी प्रसन्न आहे. तोवर येशूने काय केले होते? एकही चमत्कार नाही, एकही प्रवचन नाही, एका दिवसाचाही उपवास शुभवर्तमानात नोंदलेला नाही. पित्याचे प्रेम आधी सांगून झाले, मग अरण्य आले. आणि अरण्यात त्याला नेले कोणी? आत्म्याने. म्हणजे उपवास हा प्रिय होण्यासाठी नव्हता, प्रिय असल्यामुळे होता. आपण बहुतेक जण क्रम उलटा लावतो. आधी चाळीस दिवस काढू, मग ईस्टरला देव 'प्रिय' म्हणेल अशी वाट पाहतो.

मग आपण काहीच करायचे नाही का? इथे आपली खाडी उपयोगी पडते. ओहोटीला होडी चिखलात बसलेली तुम्ही पाहिली असेल. दहा माणसे लावा, ती हलत नाही, उलट चिखलात खोल रुतते. भरती आली की तीच होडी एका पोरालाही ढकलता येते. पाणी आणणे कोणाच्याच हातात नाही. पण होडी खुंटाला आखूड दोरीने करकचून बांधलेली असेल, किंवा आत पाणी आणि गाळ साचलेला असेल, तर भरती येऊनही ती वर येत नाही, प्रसंगी बुडते. दोर सोडणे, गाळ उपसणे, हे आपले काम. आत्मत्याग तो एवढाच. भरती त्याने येत नाही. आलेली भरती वाया जाऊ नये म्हणून तो करायचा. ही उपमा एका जागी लंगडी आहे, तेही सांगून टाकतो. दोर सोडण्याचे बळ आणि बुद्धीसुद्धा त्या भरतीच्याच पाण्याने येते, असे ख्रिस्तसभा शिकवते. खाडीत तसे होत नाही. उपमेने सगळेच समजले असते तर सेमिनरीत आम्हाला तीन वर्षे तत्त्वज्ञान कशाला शिकवले असते!

आता उपमा पुरे, एका माणसाचे उदाहरण घेऊ. आपल्या धर्मग्रामात वसईहून आलेली बरीच कुटुंबे आहेत. फेब्रुवारीत ती गावी सणाला जातात, तो सण संत गोन्सालो गार्सिया यांचा. भारतात जन्मलेले हे पहिले संत. आपण त्यांचे हौतात्म्य तेवढे आठवतो, त्याआधीची वर्षे कोणी सांगत नाही. आणि आजच्या विषयाला तीच वर्षे लागतात.

सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर वसईत, पोर्तुगीज वडील आणि इथली आई यांच्या पोटी गोन्सालो जन्मले. किल्ल्यातल्या येशूसंघीय धर्मगुरूंपाशी शिकले. कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथे काही वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली, जपानी भाषा अशी शिकले की लोकांत सहज मिसळत. इच्छा एकच होती, येशूसंघात प्रवेश मिळावा. तो मिळाला नाही. तारुण्याची सगळी वर्षे ज्या दारासाठी दिली, ते दार उघडले नाही.

मनातली वही घेऊन बसणारा माणूस इथे काय म्हणेल? इतकी सेवा केली, घर सोडले, देश सोडला, आणि बदल्यात हे? आपल्यापैकी कितीतरी जणांची श्रद्धा याहून लहान दाराशी थांबलेली आहे. गोन्सालो तिथून निघाले आणि व्यापारात पडले. व्यापार चांगला चालला, हाती पैसा आला. हे आम्हाला फार आवडते. संत थेट वेदीकडून वेदीकडे गेले नाहीत, मधली काही वर्षे बाजारात गेली. पुढे मनिलाला त्यांचा फ्रान्सिस्कन संघाशी संबंध आला. तिथे चालता धंदा सोडून ते संघात दाखल झाले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे ब्रदर म्हणून.

१५९३ साली फिलिपाइन्सच्या गव्हर्नरने पेद्रो बातिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना राजदूत म्हणून जपानला पाठवले, तेव्हा बरोबर दुभाष्या हवा होता. जपानी भाषा कोणाला येत होती? ज्याची जपानातली वर्षे 'फुकट' गेली होती, त्या ब्रदर गोन्सालोंना! क्योतोमध्ये या संघाने गरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली. १५९६ साली 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले, राजकारण पेटले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस हिदेयोशीने या लोकांना पकडण्याचा हुकूम दिला. कानाची पाळी कापून त्यांची धिंड काढली. भर हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवत नागासाकीला नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता. म्हणजे ज्या येशूसंघात गोन्सालोंना प्रवेश मिळाला नाही, त्याच संघाच्या तिघांबरोबर एकाच टेकडीवर त्यांचा क्रूस उभा राहिला. ८ जून १८६२ रोजी त्यांना संत घोषित करण्यात आले.

या जीवनात आत्मत्याग नेमका कोणता? पैसा सोडला तो तर आहेच. पण त्याहून आधीचा आणि आम्हाला वाटते अधिक अवघड त्याग म्हणजे न उघडलेल्या दाराचा हिशेब न मागणे. तो त्याग त्यांनी निवडला नव्हता, तो वाट्याला आला. आणि देवाने नेमके तेच वापरले. क्रूससुद्धा ते शोधायला गेले नव्हते. एक जहाज भरकटले, एक सत्ताधीश बिथरला. ते गेले होते दुभाष्याचे काम करायला आणि रोग्यांची सेवा करायला.

जे स्वतःहून क्लेश शोधतात त्यांचे काय होते, हेही संतांनीच सांगून ठेवले आहे. लोयोलाचे संत इग्नाती यांनी १५२२ साली मानरेसा गावी असे काही तप आरंभले की केस-नखे वाढवली, जेवण तोडले, तासन् तास गुडघ्यांवर राहिले. परिणाम? शरीर खचले आणि मन अशा शंकांनी घेरले की जीव नकोसा झाला. पुढे त्यांनी केस-नखे कापली, आणि आपल्या संघातल्या तरुणांनी तब्येत सांभाळावी याकडे त्यांचे कायम लक्ष असे. पोटाचे दुखणे मात्र जन्मभर पुरले.

सेमिनरीत असताना नित्शे हा जर्मन तत्त्वज्ञ वाचावा लागला. १८८७ साली त्याने लिहिले होते की तपस्व्यांच्या त्यागामागे सत्तेची भूक दडलेली असते. स्वतःवर राज्य करायचे आणि त्या जोरावर दुसऱ्यांवर. तेव्हा आम्हाला फार राग आला होता, पेपरात त्याला चांगलाच झोडपला आणि गुणही मिळाले. आज वाटते, सगळ्या त्यागाबद्दल तो चुकला, पण काही त्यागाबद्दल त्याचे बरोबर होते. एका उपवासकाळात आम्ही चहा सोडला. तिसऱ्या दिवसापासून डोके दुखू लागले. स्वयंपाक करणाऱ्या बाईंवर मिठावरून ओरडलो. बाप्तिस्म्याचा दाखला मागायला भर दुपारी आलेल्या एका तरुणाला दारातूनच परत लावले. तो बिचारा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. आणि संध्याकाळी आरशात पाहताना मनात चक्क समाधान, की आज अठरावा दिवस, अजून मोडले नाही! चहा सोडला आम्ही; सोसला तो बाईंनी आणि त्या तरुणाने. पंचविसाव्या दिवशी बाईंनीच न विचारता कप समोर ठेवला. आम्ही तो प्यालो. त्या उपवासकाळातले कृपेचे काम तेवढे एकच झाले असावे.

सोडतो एक आणि सोसतो दुसरा, ही गोष्ट आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांच्या घरातही घडलेली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट होते, पण त्यांची भजने आपणही गातो. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, जातगोत, मानमरातब सगळे सोडले. मोठा त्याग! पण त्या दिवशी लक्ष्मीबाईंना कोणी विचारले नव्हते. नवऱ्याच्या एका निर्णयाने त्यांचे घर मोडले, कित्येक वर्षे वियोगात आणि लोकांच्या बोलण्यात गेली. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या त्याही आपले सोवळे सांभाळून, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःचे मन वळल्यावर. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे सारे इतक्या हसतखेळत सांगितले आहे की वाचणाऱ्याला आधी हसू येते, मग पोटात कालवते. टिळकांचा त्याग खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण दोघांत कृपेने अधिक खोल काम कोणात केले, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर लक्ष्मीबाई. त्यांनी न निवडलेले दुःख सोसले आणि त्यातून कडवट न होता मोकळ्या झाल्या.

आता आम्हाला जी गोष्ट लिहायला जड जाते ती. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, एक तरुण बाई कार्यालयात आली. हे पापनिवेदन नव्हते, म्हणून लिहू शकतो. नवरा दारू पितो, मारतो, असे तिने सांगितले. आम्ही तिला काय सांगितले असेल? आपला क्रूस उचल, प्रार्थना कर, देव पाहतो आहे. मान खाली घालून ती गेली. तीन आठवड्यांनी मिस्सेला आली तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. आमच्याकडे पाहून ती हसली. रागावली असती तर बरे झाले असते. त्या हातावर आमच्या वाक्याचाही वार होता.

येशूने क्रूस उचलायला सांगितला तो आपल्यामागे येण्यासाठी. नवऱ्याचा मार हा येशूचा माग नाही. ज्या बाईला 'स्व' असा कधी मिळालाच नाही, तिला स्वतःचा त्याग कर म्हणून सांगणे म्हणजे रिकाम्या डब्यातून दान मागणे. आज तीच बाई आली तर आम्ही तिला आधी पाणी देऊ, मग सुरक्षित जागा पाहू, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा काय सांगतो ते तिला समजावू, आणि पोलीस ठाण्यात जायचे तर बरोबर जाऊ. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात स्पष्ट लिहिले आहे की दुबळ्या जोडीदाराला आणि मुलांना हिंसेपासून वाचवण्यासाठी वेगळे राहणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही होते. त्याग त्या नवऱ्याने करायचा आहे. बाटलीचा.

हाच मुद्दा एका वेगळ्या जागी आपल्या पायाखालीही आहे. आपण ज्या नगरात फ्लॅट घेऊन राहतो ते १९७० नंतर इथल्या आगरी-कोळी गावांच्या शेतांवर, मिठागरांवर उभे राहिले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी मरण पावले. त्यानंतर साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. एकदा एका सभेत कोणीतरी सद्भावनेने म्हणाले की गावकऱ्यांनी शहरासाठी मोठा त्याग केला. मागे बसलेले एक वृद्ध गृहस्थ पुटपुटले, "त्याग केला नाय, घेतली." आम्ही ते विसरलो नाही. जे हिसकावून घेतले जाते त्याला घेणाऱ्याने त्याग म्हणू नये. देवसुद्धा हिसकावत नाही. तो मागतो, आणि वाट पाहतो.

मग आपला त्याग खरा की खोटा, हे ओळखायचे कसे? आमच्यापुरती एक साधी खूण आम्ही ठरवली आहे. उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात स्वतःला विचारण्याऐवजी घरच्यांना विचारावे, "मी हल्ली कसा वागतो?" त्यांचे तोंड पाहिले की कळते. जो त्याग कृपेतून येतो तो माणसाला थोडा हलका करतो, त्याच्याजवळ बसावेसे वाटते. वहीतला त्याग माणसाला टोकदार करतो. मोबाईल सोडलेला बाप जर त्या वेळात मुलाच्या मार्कांवर घसरत असेल, तर त्याने मोबाईल परत घ्यावा, पोराचे भले होईल.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही त्या मावशींच्या घरी गेलो. म्हातारीला पवित्र ख्रिस्तप्रसाद दिला. तिने जिभेवर घेतला आणि सुनेचा हात धरून ठेवला, सोडेना. बाहेरच्या खोलीत आल्यावर आम्ही मावशींची क्षमा मागितली, की रविवारी घाईत उत्तर दिले. मग म्हणालो, "मावशी, तुम्ही काहीच सोडलं नाही म्हणता. झोप कोणी सोडली?"

त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "ते काय फादर, ते तर करायलाच लागतं. आई आहे ती."

आम्हाला पुढे बोलता आले नाही. 'मी देतेय' हेही ज्या देण्यात लक्षात राहत नाही, त्याला वहीत कुठल्या पानावर लिहायचे?

थोड्या वेळाने विचारले, आपल्या तरुण मंडळातल्या दोन मुली आठवड्यातून दोन रात्री येऊन बसल्या तर चालेल का? त्या रात्री तुम्ही झोपा. मावशींनी लगेच हात हलवले. "नको नको, कोणाला कशाला त्रास! आमचं आम्ही करू." दोन वर्षे झोप सोडणाऱ्या बाईला मदत घेणे मात्र जड जात होते. आम्ही हट्ट केला नाही, चहा घेतला. (हो, यंदा चहा सोडलेला नाही.) निघताना दाराशी म्हणालो, "मावशी, तुम्ही विचारत होता ना, उपवासकाळात काय सोडू? 'आमचं आम्ही करू' एवढं सोडा." त्या काही बोलल्या नाहीत. शनिवारी रात्री त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "मंगळवारी पाठवा. पण त्या पोरींना जेवायला इथंच यायला सांगा."

आपल्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेली आणखी आठ माणसे आमच्या माहितीत आहेत, माहितीत नसलेली निराळी. त्यांच्याजवळ एक रात्र किंवा रविवारची एक दुपार बसायला जे तयार असतील त्यांनी नावे साक्रिस्तीत द्यावीत. पुरुषांनीही द्यावीत; म्हाताऱ्या पुरुषांना उचलायला बळ लागते. आणि ज्यांच्या घरी असे कोणी आहे, पण सांगायला संकोच वाटतो, त्यांनी मिस्सेनंतर दाराशी थोडे मागे राहावे. या रविवारी आम्हाला घाई नाही, पुढची मिस्सा पाहुणे धर्मगुरू अर्पण करणार आहेत.

आपला धर्मगुरू